हरवलेली खदान

आता विचारलंच आहे तर सांगून टाकतो. पण चहा आधी संपवा, मध्ये हसलात तर ठसका लागेल आणि बोल मला. परवा तुम्ही माझ्याबरोबर सासुरवाडीला आलात तेव्हा पाहिलंत ना, शेजारच्या दारातला तो पिवळा कुत्रा दिसल्याबरोबर मी मान खाली घालून आत शिरलो? तुम्हाला वाटलं मी भ्यालो. मी भीत नाही त्याला. मला त्याची लाज वाटते.

माणसाची छत्री हरवते, जत्रेत पोर हरवतं. माझ्या हातून खदान हरवली. मुरमाची, रीतसर परवान्याची, बैलबंड्या आत उतरत होत्या एवढी मोठी.

झालं असं. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, नागपूर अजून राजधानी होतं, आणि सरकारनं खेड्याखेड्यांतून सडका करायला काढल्या होत्या. माझं हिंगणघाटला सरकी-ढेपेचं दुकान. ते नीट चाललं होतं. पण आमच्या सासुरवाडीची सडक मंजूर झाली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. सडकेला मुरूम लागणार, तो आपणच पुरवू. सासरची माणसं त्या सडकेवरून बंडी हाकतील आणि म्हणतील, ही आमच्या जवाईबापूंची सडक. इथंच पहिलं चुकलं. जावयानं सासुरवाडीला जेवावं, पान खावं आणि घरी यावं.

माझे सासरे, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो, बोलायला फार कमी. गावाला लागूनच त्यांचं वावर, आणि वावराच्या वरच्या अंगाला थोडी बरड. तिथं कपाशीची पऱ्हाटी धड येत नव्हती की तूर. पण खाली मुरूम असा की हातात घेतला तर ठेवावासा वाटत नाही. मी मागितली जागा. मामाजींनी बराच वेळ सुपारी कातरली.

"खना," ते म्हणाले. "पन जवाईबापू, माह्या बापाचं वावर हाय. जसं देतो तसंच वापस पायजे. गड्डेवाला म्हनून माहं नाव पडलं नाई पायजे."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

मग तहसिलीत खेटे घातले आणि परवाना आणला. त्यावर अटींची ही लांब माळ होती. मी शेवटची तेवढी वाचली: काम संपल्यावर जमीन पूर्ववत करून द्यावी. मला बरं वाटलं. मामाजी म्हणतात तेच सरकार म्हणतं, मग वरचं कशाला वाचत बसायचं? तुम्ही वाचलं असतं का? खरं सांगा.

जागा आखून द्यायला नागपूरकडचे एक ओव्हरसियर आले. तरुण, सायकलवर यायचे, डोक्यावर हॅट, आणि बोलणं इतकं सावकाश की समोरच्याला डुलकी यावी. त्यांनी खुंट्या ठोकल्या, चार कोपरे दाखवले. निघताना म्हणाले, "खोदाई झाली की मला बोलवा. मी माप घेईन. त्यानंतर बुजवा." मी त्या वेळी त्यांच्या पोह्यांवर लिंबू पिळत होतो. मला शेवटचं "बुजवा" तेवढं ऐकू आलं, आणि मी जोरात मान हलवली.

हिवाळाभर खोदाई चालली. मुरूम गेला, सडक झाली, मजुरांची टोळी दुसऱ्या कामावर निघून गेली. मी खदान पाहायला गेलो तर मधोमध मातीचा एक खांब तसाच उभा. डोक्यावर गवत, त्यावर एक साळुंकी बसलेली.

आता मला माहीत आहे की तो खांब मुद्दाम सोडतात. जमीन आधी कुठवर होती आणि किती खोल खणलं, हे त्याच्यावरून मोजायचं असतं. माप होईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. तेव्हा मला वाटलं, लेकांनी काम अर्धवट टाकून पळ काढला.

माझा स्वभाव तर तुम्हाला ठाऊकच आहे. मला अर्धवट काम खपत नाही. विड्याचं पान वाकडं दुमडलेलं दिसलं तरी मी पानवाल्याशी भांडतो. मी दुकान भावाच्या हवाली केलं आणि सासुरवाडीलाच मुक्काम ठोकला. पहिल्यांदा तो खांब पाडला. ओव्हरसियरच्या खुंट्या उपटल्या, त्या चुलीत गेल्या. काठावर एक वाकडी बाभूळ होती, ती डोळ्यांत खुपत होती म्हणून तोडली. मग मामाजींच्या बंड्या जुंपून नाल्यातला गाळ आणायला लागलो.

आणि हे सगळं मी पंपशू घालून करत होतो.

पंपशूचं ऐका, महत्त्वाचं आहे. दिवाळसणाला मामाजींनी मला खास नागपूरहून काळे पंपशू आणले होते. वर चपटी फीत, चेहरा दिसावा अशी चकाकी. मामाजींच्या स्वतःच्या पायात जन्मभर गावच्या चांभाराची वहाण. पण जावयासाठी ते नागपूरला गेले, दोन दुकानं फिरले. गावात मी ते जोडे घालून निघालो की मामाजी ओसरीवरून बघत राहायचे.

तर मी खदानीच्या काठावर उभा राहून बंडीवाल्यांना "इकडं टाका, तिकडं टाका" करत होतो, आणि डावा पाय भुसभुशीत गाळात गुडघ्याएवढा गेला. ओढला. पाय आला, जोडा राहिला. वाकून हात घालणार, तेवढ्यात मागची बंडी तिथंच रिकामी झाली. मग तिच्या मागची.

ओरडायला हवं होतं मी, मान्य. पण सासऱ्यांच्या बंड्या, सासऱ्यांची माणसं, आणि जावई एका पायावर लंगडी घालत "माझा जोडा, माझा जोडा" करतोय, बरं दिसलं असतं का ते? मी जोडा तसाच सोडला. संध्याकाळी मागच्या दारानं आत शिरत होतो, तर मामाजी नेमके तिथंच दात कोरत बसलेले.

"एक जोडा कुठी गेला जी?"

शेजारच्या किसनजींचा कुत्रा मोत्या समोर धुळीत लोळत होता. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मोत्यानं पळवला."

मी एवढंच बोललो. पण मामाजी उठले, तसेच किसनजींच्या अंगणात गेले. दोघांचं लहानपणापासूनचं मैत्र. एकाची तिफण दुसऱ्याच्या वावरात, एकाची भाजी दुसऱ्याच्या ताटात.

"किसनजी, कुत्रं बांधून ठेवत जा. माह्या जवायाचा नवा जोडा नेला त्यानं."

"माह्या मोत्यानं?" किसनजी म्हणाले. "त्यानं आजवर कोनाची वहान हुंगली नाई."

"मंग माहा जवाई खोटं बोलते काय?"

आता गावच्या जावयाला किसनजी खोटं कसं म्हणणार? त्यांनी मोत्याला साखळी घातली आणि मामाजींशी बोलणं टाकलं. मला वाटलं चार दिवसांत विसरतील. पण खेड्यात लोक आजोबांच्या लग्नात वरण खारट झालं होतं तेसुद्धा विसरत नाहीत. मोत्या दिवसभर साखळीला बसायचा, आणि मी समोरून गेलो की माझ्याकडे बघायचा.

असो. खदान मात्र मी अशी बुजवली की नाव घेऊ नका. वर गाळाचा जाड थर दिला, वखर फिरवला, मृगात ज्वारी पेरली. जिथं धड पऱ्हाटी येत नव्हती तिथं ज्वारी डोक्याला लागली. मामाजी पाहुण्यांना मुद्दाम बांधावर नेऊन दाखवायचे.

"खदान कुठी होती सांगा पाहू," असं विचारायचे, आणि पाहुण्याला सांगता आलं नाही की मान डोलवायचे. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटायचा.

पोळ्याच्या सुमाराला निरोप आला, ओव्हरसियर मौक्यावर, जागा पाहायला येणार.  म्हटलं, हा माणूस आता बुजवण्यात खोट काढणार. कुठं जरा खळगा दिसला की लिहिणार, जमीन पूर्ववत नाही. मग पटवाऱ्याच्या दप्तरात मामाजींचं वावर कायमचं खड्डा म्हणून राहणार, आणि मी दिलेला शब्द पाण्यात जाणार.

म्हणून मी आदल्या दिवशीच गाव गाठलं. मामाजी वावरात होते. मी पारावर सगळ्यांना गोळा केलं आणि पढवलं.

"उद्या साहेब येतील. विचारतील, इथं खड्डा होता का? सगळ्यांनी एकच सांगायचं, इथं कधीच खड्डा नव्हता."

"आन सायबानं लयच खोदून इचारलं तं?" एकानं विचारलं.

"तरी तेच."

"आन तुमीच म्हनलं, होता म्हनून, तं?"

बघा, कसा मुद्द्याचा प्रश्न विचारला होता त्यानं. आणि मी शहाणा काय म्हणालो? "मी म्हटलं तरी तेच. साहेबासमोर मला काहीबाही बोलावं लागेल. तुम्ही ढळायचं नाही."

"बिनघोर राहा जवाईबापू," सगळे म्हणाले. "गावाची जबान हाय."

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आले. बरोबर फीत धरायला एक चपराशी. मी आणि मामाजी धुतलेली धोतरं नेसून बांधावर उभे. थोड्या अंतरावर सगळं गाव. किसनजीही होते, पण मामाजींकडे पाठ करून.

ओव्हरसियरनी ज्वारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खदान कुठाय?"

"साहेब, तुम्ही तिच्यावरच उभे आहात," मी म्हणालो. किती दिवसांपासून ते वाक्य तयार ठेवलं होतं मी.

"मधला मातीचा खांब?"

"पाडला साहेब. एक ढेकूळ ठेवलं नाही."

"माझ्या खुंट्या?"

"त्याही काढल्या."

ओव्हरसियर बांधावर बसले. हॅट काढली, आतून पुसली, परत घातली. "मी तर माप घ्यायला आलोय," ते म्हणाले. "सडकेवर मुरूम आहे, तो मला दिसतो. इथं मला ज्वारी दिसते. आणि तिकडं गायरानात एक मोठा जुना खड्डा दिसतो. मग मुरूम कुठून आला, हे मी काय लिहू?"

त्यांचा आवाज अजिबात चढला नाही, पण मला आता कुठं कळलं मी काय करून बसलो. गायरान सरकारचं. मुरूम तिथून उचलला असं ठरलं की ती सरळ चोरी. आणि परवाना मामाजींच्या वावराचा, म्हणजे त्या चोरीत मामाजींचंही नाव. ज्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरचं बोर तोडलं नाही, ते मामाजी.

मामाजी मात्र शांत होते. "सायेब, त्यात काय मोठं," ते म्हणाले. "गावाले इचारा. साऱ्यायनं पाह्यला हाय गड्डा."

मी "नको, नको" म्हणेपर्यंत ओव्हरसियरनी एका म्हाताऱ्याला हाक मारली होती.

"बाबा, इथं खड्डा होता का?"

"गड्डा?" म्हाताऱ्यानं आभाळाकडे पाहिलं. "कोनता गड्डा जी? माह्या जल्मात इथं गड्डा नोता."

दुसरा म्हणाला, "नोता." तिसरा म्हणाला, त्याच्या आज्यानंही कधी पाहिला नव्हता. एका बाईनं तर देवाची शपथ घेतली, जी मी सांगितलीही नव्हती.

मामाजी बघतच राहिले. "अरे, येडे झाले काय रे? तुमीच तं बंड्या हाकल्या ना बावा."

"आमी? नाई बा."

मग मी पुढं झालो. हात जोडले. "अरे बाबांनो, खरं सांगा. मी सांगतो, होता खड्डा."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कौतुकानं मान हलवली. जवाईबापू काय बेमालूम सोंग करतात, असा भाव सगळ्यांच्या तोंडावर. एकानं तर मला डोळा मारला. मी जितका कळवळून सांगू लागलो तितके ते पक्के होत गेले.

शेवटी किसनजींची पाळी आली. ते मामाजींकडे न बघता म्हणाले, "आमचं आपसात काईही असो सायेब, गावाच्या जबानीच्या बाहेर मी जानार नाई. इथं गड्डा नोता."

ओव्हरसियर उठले. "खणून दाखवा," ते म्हणाले. "भराव असेल तर माती मोकळी लागेल."

माझ्या जिवात जीव आला. मी टिकास मागवली आणि छाती काढून चालायला लागलो. खदान बाभळीच्या समोर होती, हे मला पक्कं आठवत होतं. पण बाभूळ कुठं होती? ती मीच तोडली होती. चारी बाजूंना नुसती ज्वारी. मी अंदाजानं एक जागा दाखवली. दोघांनी ज्वारी आडवी केली आणि खणलं. वरचा गाळ संपला आणि टिकास खणकन वाजली. खाली कोरा मुरूम, कोणी हात न लावलेला.

"जरा डावीकडं असेल," मी म्हणालो. तिथली ज्वारी आडवी झाली. तिथंही खणकन.

मामाजी पडलेल्या कणसांकडे बघत होते.  मग ते आपणच पुढं गेले, पायानं जमीन चाचपली आणि म्हणाले, "इथं पाहा."

तिथं माती मोकळी लागली. खाली, आणखी खाली, मोकळीच. मी हर्षानं ओव्हरसियरकडे पाहिलं. त्यांनी मूठभर माती चोळून बघितली.

"मिसळ माती आहे, खरं. पण जुना नाला बुजला तरी अशीच लागते. ही यंदाचीच भर आहे, हे कशावरून?"

तेवढ्यात खड्ड्यातून आवाज आला, "सायेब, जोडा."

खणणाऱ्यानं तो वर ठेवला. काळा पंपशू, डाव्या पायाचा, गच्च गाळानं भरलेला. ओव्हरसियरनी काडीनं माती काढली. आत नागपूरच्या दुकानाचा शिक्का अजून सोनेरी दिसत होता. ते पहिल्यांदाच हसले.

"हा काही जुन्या नाल्यातला नाही. कोणाचा आहे? कोणी आपला म्हणेल तर पंचनाम्यात घेता येईल. नाहीतर काय, कोणीही टाकलेला जोडा."

 मामाजी जोड्याकडे बघत होते. किसनजी जोड्याकडे बघत होते. मग दोघांनी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, एकमेकांकडे पाहिलं. आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही सांगा, काय करायचं होतं मी? नाही म्हणावं तर मामाजी मुरूमचोर. हो म्हणावं तर मी कुत्र्यावर आळ घेणारा. धरणीमाते, पोटात घे, असं म्हणतात ना, तसं मनात आलं. पण तिच्या पोटात कुठं काय राहतं, ते आत्ताच दिसलं होतं.

"माझा आहे," मी म्हणालो.

"जरा मोठ्यानं."

"माझा आहे साहेब. बुजवताना पायातून गेला."

ओव्हरसियरनी मला तो घालून दाखवायला लावला. सगळ्या गावासमोर, चिखलासकट. बरोबर बसला.

किसनजींनी घसा खाकरला. "आमच्या मोत्यानं लयच खोल गाडला जी," ते म्हणाले, आणि लोक हसून हसून बांधावर बसले. त्यातला तो कालचा प्रश्न विचारणारा माझ्या कानाशी आला. "जवाईबापू, आता सायबाले गड्डा होता म्हनाव का नोता म्हनाव?"

"होता म्हण रे बाबा," मी म्हणालो. मग सगळेच सांगायला लागले. असा होता, तसा होता, आमच्या म्हशी त्यात बसत होत्या. ओव्हरसियरनी मोकळ्या मातीच्या कडेकडेनं फीत धरून माप घेतलं, पंचनामा केला. त्यात तो पंपशूसुद्धा लिहिला. सायकलवर बसताना ओव्हरसियर मी खणायला लावलेल्या त्या दोन कोऱ्या खड्ड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "यांचा परवाना नाही तुमच्याकडे. आजच बुजवून टाका. आणि बुजवताना जोडे घरी ठेवा."

मामाजींनी तो जोडा उचलला आणि वाट धरली. घरी न जाता ते किसनजींच्या अंगणात गेले आणि स्वतःच्या हातानं मोत्याची साखळी सोडली. दोघं म्हातारे तिथंच बाजेवर बसले. मला नुसतं म्हणाले, "जेवून घ्या." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी चार घास तरी जेवलो असतो.

पोळ्याला माहेरी आलेली आमची मंडळी रात्री हळूच म्हणाली, "अजी, तो उजवा जोडा हाय ना पेटीत? टाकू नका बरं." मी विचारलं, का? तर म्हणाली, "बाबा बोलले नाई म्हनून. ते बोलत नाई तवा काईतरी मनात ठेवते."

दिवाळीला गेलो. ओवाळणी झाली, सगळे जमले. किसनजीही आले होते. मामाजींनी झाकलेलं ताट माझ्यासमोर ठेवलं, नेहमीसारखं, मानानं, वर रुमाल घालून. मी रुमाल काढला. आत डावा पंपशू. धुतलेला, तेल देऊन घासलेला, पुन्हा चेहरा दिसावा असा.

"उजवा हाय ना तुमच्यापाशी?" मामाजी म्हणाले. "मंग झाली जोडी."

मी तो पायात घातला. दुसरं काय करणार? मामाजींनी आत जाऊन घुंगरं लावलेला एक कोरा चामडी पट्टा आणला, तोही नागपूरचाच, आणि दाराकडे तोंड करून हाक मारली. मोत्या शेपटी हलवत आला. त्यांनी पट्टा त्याच्या गळ्यात बांधला, कुंकवाचं बोट लावलं, हातावर अनारसा घेतला आणि माझ्या पाटाकडे बघून म्हणाले,

"जवाईबापू, जरा सरका जी. त्याले बसू द्या."

आणि मी सरकलो.